चांगल्या कपातला चहा

…अजून खाली. आणखी थोडा. हा माइक फादरांच्या उंचीला लावलाय आणि फादर देवाच्या कानाशी उभे राहून बोलतात. अट्रॅक्टा, तिकडून हातवारे करू नकोस, इथं ये आणि हा स्क्रू पिरगाळ. उलटा. अगं, उलटा. वीस वर्षं स्टेजवर काढलीस आणि अजून… झालं. मागं येतंय ऐकू? दारात उभे आहेत त्यांनी हात वर करा. ग्लास नसलेला हात.

आता रीतीनं सुरुवात करते.

या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या पॅरिशचे फादर टियरनन. प्रमुख पाहुणे कौन्सिलर अल्टन ब्रोगन, ज्यांनी आत्ताच मानपत्र वाचलं आणि अजून आपली खुर्ची शोधताहेत. फुलांचा गुच्छ उलटा धरून बसलेली सत्कारमूर्ती डिंफ्ना गार्व्ही. जिनं आत्ता माइक मोडता मोडता वाचवला ती आमची अट्रॅक्टा फीनी. आणि समोर जमलेल्या ड्रमकॅराच्या सर्व भगिनी आणि बंधूंनो. तुमच्यातले निम्मे डिंफ्नासाठी आलेत आणि निम्मे मागच्या टेबलावरच्या अंड्याच्या सँडविचसाठी. दोघांचंही मनापासून स्वागत.

मी गोरेटी लॅली. ‘बदली गवळणी’ या मंडळातला जाड आवाज आणि त्याहून जाड वाद्य माझं. डबल बास. घोड्याच्या ट्रेलरमध्ये, घोड्याच्या घोंगडीखाली झाकून तो मी देशभर फिरवला. एकदा एका पोलिसानं घोंगडी उचलून पाहिली आणि म्हणाला, ‘बाई, हा घोडा फार वाळलाय.’

बदली गवळण म्हणजे काय ते या हॉलमध्ये सांगायला नको. घरधनी लग्नाला नाहीतर मयताला गेला की त्याच्या गायींची धार काढायला जिला बोलावतात ती. या हॉलच्या छपरासाठी कार्यक्रम ठेवला होता. डब्लिनहून बँड यायचा होता, तो आला नाही. तेव्हाच्या फादरांना घाम फुटला. स्वयंपाकघरात तिघी जणी कपबशा विसळत होत्या, त्यांना त्यांनी स्टेजवर ढकललं. एकीला पियानो येत होता. एकीला गाता येत होतं. तिसरीला, म्हणजे मला, नाही म्हणता येत नव्हतं. छप्पर झालं. गळतं, पण झालं.

फादर, घड्याळ बघू नका. तुमच्यावर येतेच आहे.

आमच्या कार्यक्रमात गाणी होती, नकला होत्या, अट्रॅक्टाचे पाय होते. पण लोक यायचे ते शेवटच्या भागासाठी. दिवे कमी व्हायचे. डिंफ्ना पियानोवरून मान वळवायची आणि त्या गावातल्याच माणसांवर कडवी म्हणायची. नावं घेऊन. माणूस समोर बसलेला असताना, शेजारी त्याची बायको असताना.

तिला हे सगळं कळायचं कुठून? आता ती जातेच आहे, तर सांगायला हरकत नाही. कार्यक्रमाच्या दुपारी ती त्या गावच्या केस करणाऱ्या बाईकडे जायची. केस धुवायला लावायची आणि केस वाळवायच्या त्या गरम टोपाखाली डोळे मिटून बसायची. मशीन बंदच ठेवायला त्या बाईला हळूच सांगायची. टोपाखाली हिला काही ऐकू येत नाही असं समजून शेजारच्या खुर्च्यांवरच्या बायका मोकळेपणी बोलायच्या. आमचे जुने फोटो पाहा. प्रत्येकात डिंफ्नाच्या केसांची तऱ्हा वेगळी आहे. एका फोटोत ती जांभळी आहे. त्या गावानं तेवढा बदला घेतला.

आणि ही कडवी कशी असायची? अध्यक्षांची परवानगी गृहीत धरून एक म्हणते.

फादर बोलाया उठले तेव्हा पोर होतं पाळण्यात,
‘शेवटी एवढंच’ म्हणाले, तेव्हा दंगलं दाढी करण्यात.

फादर हसताहेत. हे त्यांनी तेव्हाही केलं. दुसऱ्या रविवारी प्रवचन निम्म्यावर आलं. चर्चमधून लोक वेळेत घरी जाऊ लागले आणि कितीतरी घरांतले बटाटे करपायचे वाचले. याला समाजसेवा म्हणायचं नाही तर काय?

पण आपल्याकडे खरी गंमत वेगळीच. ज्याच्यावर कडवं झालं तो आठवडाभर चिडायचा. ज्याच्यावर झालं नाही तो वर्षभर. कौन्सिलर ब्रोगन, तुम्ही आता बसलात, तर तुमचं सांगते. एका वर्षी यांचं नाव राहून गेलं. निवडणूक तोंडावर. हे डिंफ्नाच्या मागच्या दारानं स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले, टोपी हातात. मी तिथंच होते.

‘डिंफ्ना, माझं काही चुकलं का?’

‘नाही रे. तेच तर.’

‘लोकांना वाटेल मी मेलो.’

‘मग काहीतरी कर.’

‘काय करू?’

‘ते मी कसं सांगू? मी काय तुझी आई आहे?’

पंधरवड्यात यांचा ट्रॅक्टर तळ्यात गेला. हे म्हणतात ब्रेक लागला नाही. मी काही म्हणत नाही. मी फक्त कडवं म्हणते.

मतं मागत अल्टन फिरला, एकेक उंबरा गाठला,
माशांचंही मत हवं म्हणून ट्रॅक्टर तळ्यात लोटला.

निवडून आले. अजून निवडून येताहेत. ट्रॅक्टर अजून तळ्यातच आहे.

तर हे झालं कौतुक. आता मला जे बोलायचंय ते बोलते. हे कागदावर नव्हतं. कौन्सिलरसाहेबांनी मानपत्र वाचलं नसतं तर मी दोन गोड वाक्यं बोलून, ठरवून आणलेलं तेवढं म्हणून खाली बसले असते. पण त्यांनी त्यात काय वाचलं? ‘ड्रमकॅराच्या दोन सुकन्या, डिंफ्ना आणि अट्रॅक्टा, आणि त्यांना लाभलेल्या सन्माननीय पाहुण्या श्रीमती लॅली.’

पाहुण्या.

मी लॉंगफर्डची आहे हे खरं. नदीच्या पलीकडची. इथून आमचा जुना माळ दिसतो, हवा स्वच्छ असली तर. लग्न होऊन इथं आले तेव्हा माझे केस काळे होते. याच हॉलचं छप्पर घालायला गायले. याच गावात नवरा पुरला. आणि मी पाहुणी.

रागावले नाही. गाव माझ्याशी फार चांगलं वागतं. तेच दुखणं आहे.

डिंफ्नाच्या घरी तालीम असायची. चहा व्हायचा. अट्रॅक्टाला टवका उडालेला मग. तिला न्यायला आलेल्या तिच्या नवऱ्याला त्याहून वाईट, कान तुटलेला. मला बशीसकट चांगला कप, सोनेरी काठाचा. पहिल्या दिवशी मला बरं वाटलं. वीस वर्षांनंतरही तोच कप येतो तेव्हा त्यातला चहा गोड लागत नाही.

सूर चुकला की डिंफ्ना अट्रॅक्टाला म्हणायची, ‘ए म्हशी, सूर इकडं आहे, तू कुठल्या गोठ्यात चाललीस?’ माझा सूर चुकला की म्हणायची, ‘गोरेटीबाई, जरा पाहता का?’

कन्सेप्टा डिग्नन दुसऱ्या रांगेत बसली आहे. तिच्या दुकानातला ब्रेड तुम्ही सगळे खाता. कालचा ब्रेड ती तुम्हाला आजचा म्हणून विकते, आणि तुम्ही तिला शिव्या घालता, आणि ती तुम्हाला घालते. कन्सेप्टा, नाही म्हणू नकोस, फादर बसलेत. मी दुकानात शिरले की ही आत जाते आणि कापडाखालचा गरम ब्रेड घेऊन येते. ‘घ्या लॅलीबाई. तब्येत बरी ना, लॅलीबाई?’ शेजारची बाई कालच्या ब्रेडवर बोट दाबत उभी असते आणि मी गरम पाव छातीशी धरून चोरासारखी बाहेर पडते.

तुम्ही म्हणाल, या बाईला ताजा ब्रेड मिळतो आणि ही रडते. बैलाचं ऐका, मग बोला.

गुरांच्या बाजारात गेले होते. लिलाव चालू होता. पलीकडे अट्रॅक्टा दिसली. मी हात वर करून तिला हाक मारली. हातोडा पडला आणि मी एका बैलाची मालकीण झाले. तपकिरी. डोळ्यांनी माझ्याकडे असं पाहत होता की यालाही हे पटलेलं नाही.

माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? झालं. आता सुटले. आता माझ्यावर कडवं होणार. एक नाही, चार. बैल आणि बास एकाच ट्रेलरमध्ये घालून मी गावातून मुद्दाम हळू गाडी चालवत आले, सगळ्यांना दिसावं म्हणून.

काय झालं? लिलाववाला संध्याकाळी घरी आला. म्हणाला, ‘बाई, चूक झाली असेल तर सौदा मोडू.’ कौन्सिलरांनी कुंपणाला खांब पाठवले. डिंफ्ना स्वतः गवत घेऊन आली. ‘कुणालाही होतं असं, गोरेटीबाई,’ म्हणाली. कुणी हसलं नाही. अख्ख्या गावात एकही माणूस हसला नाही. मी गोठ्यात जाऊन बैलाच्या मानेवर डोकं ठेवून रडले. तो तरी मला शिंग दाखवायचा.

त्याचं पुढं काय झालं ते विचारू नका. चवीला बरा होता.

हेच अट्रॅक्टानं केलं असतं तर? डिंफ्ना, तूच सांग. तिच्या कबरीवर बैल कोरला असता तुम्ही.

माझ्या नवऱ्यावर, मायलोवर, सहा कडवी होती. सातवं तो गेल्यावर झालं. त्याच्या मयताला घर भरलं होतं, तो मधल्या खोलीत निजला होता, आणि डिंफ्नानं त्याच्या उशाशी उभं राहून ते म्हटलं. सगळे हसून रडले. मीही. मग ती माझ्याजवळ आली. हात हातात घेतला. म्हणाली, ‘आता तुम्ही परत जाणार असाल ना, गोरेटीबाई?’

कुठं परत? आईचं घर भावानं कधीच विकलंय. तिथं आता कुणी कुत्री सांभाळतो. मी त्या दाराशी गेले तर कुत्रीच भुंकतील, आणि ती निदान मनापासून भुंकतील.

तेव्हा मी हात सोडवून लोकांना चहा ओतायला गेले. परवा मात्र अट्रॅक्टाला गाडीत कोंडून विचारलं. ती इथं बसली आहे, खोटं असेल तर तिनं सांगावं.

‘अट्रॅक्टा, माझ्यात काय कमी आहे?’

‘काय झालं आता?’

‘तळ्याकाठच्या बोक्यावर कडवं आहे. माझ्यावर नाही.’

‘तिचा नियम आहे, बाई.’

‘कसला नियम?’

‘ज्याला परत जायला घर आहे त्याच्यावर म्हणायचं नाही. त्या जर्मनापासून.’

जर्मन म्हणजे डेटलेफ, शेळ्यांच्या दुधाचं चीज करायचा. जुन्यांना आठवेल. डिंफ्नानं त्याच्यावर एक कडवं केलं. तो सगळ्यांत मोठ्यानं हसला. आणि वसंत ऋतूत शेळ्या विकून निघून गेला. डिंफ्नानं तेव्हापासून मनाशी धरलंय की तिच्या कडव्यानं एका माणसाला गावातून घालवलं. हिची जीभ सगळ्यांना ठाऊक आहे. हिला हे असं काही लागत असेल, हे कुणाला ठाऊक होतं? मला नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होते की हिला मी दिसतच नाही. आणि ही मला सांभाळत होती. काचेच्या भांड्यासारखी.

डिंफ्ना, तुझ्याकडे बघून सांगते. डेटलेफ बायकोसाठी गेला. तिला पाऊस सोसेना. आमच्या फाटकाशी निरोप घ्यायला गाडी थांबवली तेव्हा तो तुझं कडवं म्हणत होता. जर्मन उच्चारात, सगळं चुकवत, पण म्हणत होता. इथून त्यानं तेवढंच बरोबर नेलं. शेळ्या नाही नेल्या.

आता तू निघालीस. उद्याच्या बसनं विमानतळ, तिथून नॉर्वेतलं स्टावांगर, लेकीकडे, नातवंडांकडे. छान आहे. तुझ्या गुडघ्यांना लिफ्ट मिळेल. पण तिथं काय होणार ते तुला आधी कुणीतरी सांगायला हवं, आणि या हॉलमध्ये त्यातली जाणकार मी एकटीच आहे. तिथले लोक फार चांगले वागतील. दार उघडून धरतील. हळू, स्पष्ट बोलतील. तू पडलीस तर कुणी हसणार नाही. तुला चांगल्या कपात चहा देतील, डिंफ्ना. कॉफी देतील, पण कप चांगला असेल.

आणि तुझ्या लक्षात आलंय का, की या गावात आणखी एका बाईवर आजवर एकही कडवं झालेलं नाही? तुझ्यावर. करणार कोण? कडव्यांची कात्री तुझ्याच हातात. पण असं रिकाम्या हातानं तुला नॉर्वेला पाठवलं तर तिथं कुणाला कळणार तू कुठली ते? म्हणून मी केलंय. मला जमत नाही, हे तुझंच मत आहे, फार नम्र शब्दांत सांगितलेलं. पियानो नको. त्याला कुलूप आहे आणि किल्ली फादरांच्या खिशात आहे. तो कट होता. अट्रॅक्टा, सूर दे. नको, राहू दे, तू गोठ्यात जाशील.

डिंफ्ना बसे केसवालीपाशी, डोळे मिटून गप्प,
गावाचं पाप कानांत भरून डोक्याचं झाकण ठप्प.
आम्हां साऱ्यांची धुणी हिनं धुतली चव्हाट्यावर,
स्वतःचं वाळत घालाया निघाली नॉर्वेच्या दोरीवर.

बसा, बसा. टाळ्या नंतर. काम राहिलंय.

आपल्याकडची रीत सगळ्यांना माहीत आहे. ज्यानं गाणं म्हटलं, पुढचं नाव घ्यायचा हक्क त्याचा. आणि ज्याचं नाव घेतलं त्याला उठावं लागतं. सर्दी असो, सुतक असो, फादर असो. डिंफ्ना इतकी वर्षं यातून सुटली, कारण ती पियानोवर असायची आणि वाजवणाऱ्याचं नाव घेत नाहीत. आज ती पियानोवर नाही. आज तिच्या हातात फक्त फुलं आहेत. माझं गाणं झालं. हक्क माझा. मी डिंफ्ना गार्व्हीचं नाव घेते. विषयही सांगते. विषय इथं उभा आहे, लॉंगफर्डचा, नाक जरा मोठं, बैल एक.

मला परत जायला घर नाही, डिंफ्ना. आहे ते हेच. आता कर काय करायचं ते.

माझं संपलं. अध्यक्षांचे आभार, त्यांनी किल्ली खिशात ठेवली आणि जीभ तोंडात. कौन्सिलरांचे आभार, ते पाहुण्या म्हणाले म्हणून मला बोलता आलं. सँडविच करणाऱ्या बायकांचे आभार. अंडं जरा कमी पडलंय, पण ते मी बोलणार नाही, मी पाहुणी. बोलण्यात कुणाचं नाव राहून गेलं असेल तर त्यांची खास क्षमा मागते. ज्यांचं आलं, त्यांची मागत नाही.

*

डिंफ्ना उठली नाही. घसा बसलाय म्हणाली. गुच्छ सुलटा केला, मग पुन्हा उलटा केला. हॉलमध्ये कुणीतरी खाकरलं. रीत मोडलेली पाहायची सवय इथं कुणाला नाही. फादरांनी किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि चहा सांगितला. अट्रॅक्टानं माझ्या हातात टवका उडालेला मग दिला, पण तो नुसता घाईत हाताला लागलेला होता. डिंफ्ना जाताना माझ्यापाशी थांबली, म्हणाली, ‘सांभाळून राहा, गोरेटीबाई,’ आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रेड आणायला गेले. बस येऊन गेली होती. दुकानापुढं ओल्या रस्त्यावर तिच्या चाकांच्या खुणा होत्या. आत चार-पाच बायका होत्या. मी शिरताच त्यांतली एक जण फिसकन हसली.

कन्सेप्टा आत गेली नाही. गल्ल्यावर कोपर टेकून तिनं माझं नाक पाहिलं आणि एक कडवं म्हटलं. चार ओळी. बसची वाट पाहत असताना डिंफ्नानं तिच्याकडून तीनदा पाठ करून घेतलं होतं. त्या ओळी मी इथं देत नाही. त्यात बैल आहे, बास आहे, आणि दोघांपैकी कोण जास्त सुरात होतं ते आहे.

‘काय गं लॉंगफर्ड,’ कन्सेप्टा म्हणाली, ‘घ्यायचंय काही, की दारात उभं राहून हवा अडवायचीय?’

मी ब्रेड मागितला. तिनं फळीवरचा काढून माझ्यापुढं टाकला.

घरी येऊन कापला. कालचा होता.